मोठा एन, छोटा एन

संगमेशशेठच्या टॉवेल कारखान्यात मी चार हजार टॅग घेऊन गेले, तेव्हा माझा रुबाब बघण्यासारखा होता. अक्कलकोट रोडला एका खोलीत माझं बारकोड छापायचं दुकान, त्यात प्रिंटर एकच. हे टॅग पास झाले तर वर्षभराचं काम मिळणार होतं. नाहीतर काम पुण्याच्या छापखान्याकडं परत जाणार, हे शेठनी आधीच सांगितलं होतं. गोड बोलून सांगितलं, एवढंच.

मालाचे नंबर गंगाधरमामांनी ठरवलेले. मामा रंगखात्यात तीस वर्षं आहेत आणि कुणाचं ऐकत नाहीत. त्यांची पद्धत अशी: इंग्रजी मोठा एन म्हणजे गडद निळा, छोटा एन म्हणजे फिकट निळा. पहिलं अक्षर टॉवेलच्या अंगाचं, दुसरं काठाचं, मग डिझाइनचा आकडा, जसं मोठा एन, छोटा एन, सत्तावीस.

आता कोड ३९ नावाच्या बारकोडच्या साध्या प्रकारात छोटी इंग्रजी अक्षरं बसतच नाहीत. मोठी अक्षरं, आकडे आणि पाच-सात चिन्हं, संपला त्याचा संसार. त्याच्या वाढीव, म्हणजे एक्स्टेंडेड, प्रकारात छोटी अक्षरं येतात, पण आडवाटेनं: छोट्या एनसाठी आधी अधिकचं चिन्ह, मग मोठा एन. दोन जागा अडतात, आणि ही जोडी ओळखायला स्कॅनरला आधी शिकवावं लागतं. मी ऐटीत एक्स्टेंडेड छापलं आणि माझ्या शिकवलेल्या स्कॅनरवर तपासलं. दुसऱ्यांच्या स्कॅनरचा विचार मनाला शिवलाही नाही. अति शहाणा त्याचा बैल रिकामा.

कारखान्यातल्या स्कॅनरनं पहिला टॅग वाचला. पडद्यावर आलं: एन, अधिक, एन, सत्तावीस. खाली लाल अक्षरांत, असा माल नाही.

"हे अधिक कुठनं आलं?" शेठनी विचारलं.

"आमच्या टावेलात बेरीज नसती," मामा म्हणाले. "लई शिकलेली पोरगी हाय, म्हणलं नव्हतं मी?"

माझे कान तापले. पण उपाय सोपा होता. स्कॅनरच्या पुस्तिकेत एक बारकोडची पट्टी असते, ती स्कॅनरनं वाचली की तो एक्स्टेंडेड ओळखायला लागतो. मी ती त्याच्याकडून वाचून घेतली, पुन्हा टॅग धरला आणि नंबर बरोबर आला. शेठ खूश झाले.

माल परवा हैदराबादच्या व्यापाऱ्याकडं निघणार होता. झाकली मूठ सव्वा लाखाची, गप्प बसावं, असं मला फार वाटलं. पण तिथल्या गोदामातल्या स्कॅनरना कोण शिकवणार? सगळा माल दारातच अडला असता.

"शेठ, हे टॅग लावू नका," मी म्हणाले. "हितं चालतील, तिकडं चालणार नाहीत. चूक माझी आहे. साध्या प्रकारात परत छापून देते, माझ्या खर्चानं. फक्त छोटी अक्षरं सोडावी लागतील."

शेठनी टॅगांचा गठ्ठा बाजूला सरकवला. मामांचा चेहरा मात्र उतरला. "समदी मोठी केल्यावर गडद कुठलं न् फिकट कुठलं, कसं कळायचं?"

मला वाईट वाटलं. तीस वर्षांची पद्धत मी एका वाक्यात मोडायला निघाले होते. मी विचारलं, "मामा, रंगखात्यातले कामगार कसं ओळखतात?"

"ते कशाला अक्षरं बघत्यात? बुड्या मोजत्यात. फिकट सुताला रंगात एक बुडी, गडदला तीन."

"मग तेच लिहू की. एन तीन, एन एक, सत्तावीस."

मामांनी खिशातला खडू काढून ते पुठ्ठ्यावर लिहून पाहिलं. पुसलं, पुन्हा लिहिलं. "आकडा बसतोय व्हय साध्यात?"

"बसतो."

शेठच्या कारकुनानं नव्या नंबरांची यादी हैदराबादला पाठवली. मी दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत सगळे टॅग पुन्हा छापले, आणि ट्रक वेळेवर गेला. चौथ्या दिवशी फोन आला: एकही टॅग अडला नाही.

शेठनी मला बोलावून वर्षभराचं काम दिलं. "त्या दिवशी तू गप बसली असतीस तर मला कळलंबी नसतं," ते म्हणाले. माझे डोळे भरून आले, ते लपवायचा प्रयत्नही मी केला नाही.

बाहेर मामा नव्या डिझाइनची वही घेऊन उभे होते. त्यांनी ती माझ्या हातात दिली. नंबरचा रकाना कोरा होता.

"आदी तू बग, कुठलं बसतंय," ते म्हणाले. "मग मी लिव्हतो."