भेटीच्या खोलीतला फोन

मित्रांनो, मी एक जुना, काळा फोन आहे. तुरुंगात कैदी आणि त्याच्या घरचे यांच्यामध्ये जाड काच असते. त्या काचेच्या कैद्याकडच्या बाजूला मला टांगले आहे. माझा आवाज इतका स्वच्छ, की पूर्वी सगळे कैदी माझ्यापुढेच रांग लावत.

एकदा एक रंगारी आला. नसलेले आवाज ऐकू येण्याचा त्याला आजार होता. औषध बंद पडले आणि घाबरून त्याने एका दुकानाची काच फोडली. दुकानदाराचा हात कापला. इथे घरून पाठवलेल्या त्याच्या गोळ्याही फाटकावरच काढून घेतल्या. तो ओरडला की त्याला एकट्याच्या कोठडीत डांबत.

त्याची थोरली बहीण शिवणकाम करी. ती दर मंगळवारी येई. तिसऱ्या मंगळवारी त्याने मला कानाला लावले आणि विंचू चावल्यासारखे फेकून दिले.

"ताई, यात तुझ्यामागे अजून कुणीतरी बोलतंय!"

"नाटकं आहेत सगळी," पहारेकरी म्हणाला. "चार दिवस कोठडीत राहिला की येईल ताळ्यावर."

"दादा, तुमच्या घरी कुणाला ताप आला तर कोठडीत घालता का?" बहिणीने काचेपलीकडून मोठ्याने विचारले.

मी तारेला लोंबकळत होतो. तरी ती माझ्यातून बोलतच राहिली, "बाळा, ऐकू नकोस, नुसतं माझ्याकडे बघ. मी तुला असा सोडणार नाही."

आणि तिने शब्द पाळला. जुने कागद शोधले, डॉक्टरांचा दाखला आणला, वकीलबाईंना गाठले. दर मंगळवारी मला खबर कळे.

"आज तुरुंगाच्या साहेबांनी परत पाठवलं. उद्या पुन्हा जाते. बघू आधी कोण थकतं!"

साहेबच थकले आणि त्यांनी कागद कोर्टात पाठवले. न्यायाधीशांनी हुकूम दिला : आधी इस्पितळात उपचार, बरा झाल्यावर खटला.

सहा महिन्यांनी तो खटल्यासाठी परत आला. त्याने मला शांतपणे उचलले.

"ताई, त्या दुकानदारांचा हात बरा झाला का गं? मला त्यांची माफी मागायचीय. कोर्टात मी सगळं खरं सांगणार आहे."

इतके महिने एकदाही न रडलेली ताई तेव्हा पदरात तोंड लपवून रडली.

मित्रांनो, मी आता खरखरतो. उद्या मला भंगारात काढतील, खुशाल काढा. पण आजारी माणसाला भंगारात काढू नका. शिक्षा किती, ते न्यायालय ठरवील. त्याच्या गोळ्या मात्र फाटकावर अडवू नका. आपण काय केले हे ज्याला कळतच नाही, तो पश्चात्ताप तरी कसा करणार?