मूळपुरुषाचं रक्त

बाजारचौकात पाय ठेवायला जागा नव्हती. ज्या मूळपुरुषावरून गावाला नाव पडलं, त्याचं रक्त आज कोणाकोणाच्या अंगात आहे, हे महाराज दाखवणार होते! शिष्य ओल्या फडक्यानं हात पुसायचा, महाराज वर पाणी शिंपडायचे आणि डोळे मिटून गरजायचे, "रक्ता, ओळख दे!" कुणाचा तळहात लाल व्हायचा, कुणाचा कोराच राहायचा.

त्या गर्दीत गावातले दोघे भाऊ होते. थोरला शिंपी. महाराजांचा झगा त्यानंच हौसेनं शिवलेला. त्याचा हात लाल झाला, टाळ्या पडल्या. मग धाकटा पुढे झाला. हा शाळेच्या प्रयोगशाळेत मदतनीस. त्याचा हात कोराच.

"एकाच बापाचे ना रे हे दोघे?" मागून कुणीतरी विचारलं. लोक खो खो हसले. त्यांची आई तिथेच उभी होती.

तो लाल रंग धाकट्यानं दरवर्षी पोरांना दाखवला होता. पण त्या गर्दीपुढे त्याची जीभच उचलेना.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी तो दोन बाटल्या घेऊन चौकात आला.

"महाराज शिंपडतात ते हे फिनॉल्फ्थॅलिन. दिसायला पाणीच. आणि हा धुण्याचा सोडा. दोघांची गाठ पडली की लाल! शिष्याकडे फडकी दोन. मर्जीतल्यांना सोड्याचं, बाकीच्यांना साध्या पाण्याचं." त्यानं पंधरा जणांचे हात लाल करून दाखवले. त्यात बदली होऊन आलेला पोस्टमनही होता. "आणि गावाच्या नावाचा जुन्या बोलीतला अर्थ आहे चिखल. पुरुषबिरुष कुणी नाही."

महाराजांनी संध्याकाळची बस गाठली. गाव मात्र जागचं हललं नाही.

"महाराज गेले म्हणून रक्त थोडंच बदलतं?" वाणी म्हणाला. त्याचाही हात लाल झाला होता ना! चार दिवसांत मूळ घराण्यांचा फलक चौकात लागला. त्यावर थोरल्याचं नाव होतं, धाकट्याचं नव्हतं.

धाकटा तडक दुकानात गेला. "दादा, साबण लावू नकोस, त्यानंही लाल होतं; नुसत्या पाण्यानं हात धू आणि मग माझ्या बाटलीतलं फिनॉल्फ्थॅलिन टाकून बघ. काही होणार नाही."

"तुझं लाल ते नकली. माझं खरं होतं," थोरला शिवता शिवता म्हणाला.

"मग आईचं काय?"

मशीन थांबलं. "ते तिलाच विचार."

आई दारात जेवणाचा डबा घेऊन उभी होती. तिनं डबा टेबलावर ठेवला आणि ती घरी गेली. धाकटा पोचला तेव्हा ती कपडे पिशवीत भरत होती.

"त्याच दिवशी ठाऊक होतं ना रे तुला?"

"हो."

"मग त्याच दिवशी बोलायचंस."

ती बहिणीकडे गेली ती परत आली नाही. थोरला निरोप द्यायलाही मशीनवरून उठला नाही.

हात पुसणारं फडकं कशात भिजवलंय, एवढंच कुणीतरी विचारायला हवं होतं. बाबांनो, असं काही दिसलं तर विचारा. आणि विचारायचं ते तिथल्या तिथे, लोक हसायच्या आत.