वेंडलचे बूट

"खांदा उचलू नकोस गं. आधी कोपर पुढे काढ, मग मनगट," वेंडल सांगत होता.

ट्रिना गॅरेजसमोरच्या काँक्रीटवर गुडघे टेकून बसली होती. गुडघ्यांखाली माझ्या दुकानातला फोमचा तुकडा. तिने बास्केटबॉल डोक्यामागे नेला आणि सगळा जोर लावून फेकला. बॉल वेंडलच्या खडूच्या रेघेपलीकडे पडला आणि टप्पे घेत शेजाऱ्यांच्या झुडपांत घुसला.

"गेला! तुझ्या पुढे गेला!" ती ओरडली.

"एकदा जातो कुणाचाही. पुन्हा फेक," वेंडल म्हणाला, पण हसला तोंडभर. तिची नवी रेघ त्याने स्वतः आखली, स्वतःच्या रेघेपुढे हातभर.

लष्करी अकादमीत शिरायला गुडघ्यांवर बसून बास्केटबॉल फेकावा लागतो, हे ज्या माणसाने ठरवलं त्याला मला एकदा भेटायचंय. युद्धात शत्रूला काय पास देणार आहेत ही पोरं? पण परीक्षेत आहे म्हणजे आहे. वेंडल हा बॉल हायस्कूलपासून फेकत होता आणि आता त्याचं कॉलेजचं शेवटचं वर्ष चालू होतं.

मी या दोघांचा मामा, हॉलिस. त्यांच्या आईचा, लोर्नाचा, धाकटा भाऊ. बायको सोडून गेल्यापासून त्यांच्या गॅरेजच्या वरच्या खोलीत राहतो आणि गावात रेडिएटर दुरुस्त करतो. ओहायओतलं आमचं गाव नदीकाठचं, वीजकेंद्राच्या जिवावर जगणारं. लोर्नाचा नवरा रॉसही तिथेच पाळीवर. अशा गावातून कुणी अकादमीत गेला तर त्याचा फोटो बँकेच्या काचेत लागतो. शिक्षण फुकट आणि बाहेर पडला की अधिकारी. वेंडलला एवढंच हवं होतं, बाकी जगात काहीही नको होतं.

पण अकादमीचं दार नुसत्या मार्कांनी उघडत नाही. आपल्या भागाच्या खासदाराची शिफारस लागते. खासदार गावातली चार शहाणी माणसं समिती म्हणून बसवतो, ती मुलाखती घेतात. नावं बरीच जातात, पण यादीत पहिलं ज्याचं नाव, त्याचंच खरं. बाकीचे कुणाचा तरी पाय मोडण्याची वाट बघत बसतात.

वेंडलचं नाव कधीच पहिलं आलं नाही. त्याच्यात वाईट काहीच नव्हतं, हेच वाईट होतं. दरवर्षी कुणीतरी त्याच्याहून थोडं बरं निघायचं. पहिल्या वर्षी समितीने विचारलं, "यंदा नाही झालं तर काय करशील, बाळा?" हा प्रश्न सगळ्यांनाच विचारतात आणि त्याचं उत्तर सगळ्यांनाच पाठ असतं. वेंडल ताठ बसून म्हणाला, "पुन्हा अर्ज करीन, सर." समितीने माना डोलावल्या. अशी चिकाटी हवी म्हणाले. चिकाटीचं कौतुक करून त्याला घरी पाठवलं.

मग तो गावातल्याच कॉलेजात गेला आणि तिथून दरवर्षी पुन्हा अर्ज करू लागला. अकादमीत घेतलं असतं तरी पहिल्या वर्षापासूनच सुरुवात, कॉलेजातलं काही धरत नाहीत. म्हणून अकादमीला आवडतील तेच विषय त्याने घेतले, रसायन आणि गणित. स्वतःला काय आवडतं हे त्याला कुणी विचारलं नाही आणि त्यानेही स्वतःला विचारलं नसावं. न्हाव्याच्या दुकानात लोक म्हणायचे, "काय रे, पुन्हा अर्ज?" आणि आरशात बघून डोळे मिचकावायचे. रॉस तर घरीच सुरू व्हायचा. "माझ्या पोराची सैन्यात मोठी ओळख आहे. दरवर्षी नाही म्हणायला त्याला पत्र लिहितात ते."

आणि ते बूट. निवड झालेल्यांनी काळे बूट आधीपासून घालून, मऊ करून आणावेत, अशी अकादमीची सूचना असते. नाहीतर पहिल्याच आठवड्यात टाचा सोलून निघतात. पहिल्या वर्षी वेंडलला इतकी खात्री होती की त्याने निकालाआधीच बूट घेतले. तेव्हापासून दर वसंतात तो ते काढायचा, तेल लावायचा आणि पहाटे नदीकाठच्या रस्त्याने चालायला जायचा. नकाराचं पत्र आलं की पुसून खोक्यात. ते बूट इतके मऊ झाले होते की लहान बाळाला घातले असते तरी रडलं नसतं.

यंदाचा अर्ज शेवटचा. पुढच्या वर्षी वयाची अट आडवी येणार होती.

आणि यंदाच सप्टेंबरात जेवताना ट्रिनाने मक्याचं कणीस खाली ठेवून जाहीर केलं, "मी पण अर्ज करतेय." तिचं हायस्कूलचं शेवटचं वर्ष. रॉस टेबलावर हात आपटून हसला. "वा! निदान या घरात कुणीतरी पहिल्या झटक्यात आत जाईल!" लोर्नाने नवऱ्याकडे डोळे वटारले, पण पोरीच्या पाठीवरून हातही फिरवला.

वेंडलने तोंडातला घास गिळला. मग म्हणाला, "उद्यापासून पहाटे पळायला चल माझ्याबरोबर. तुझा दम कमी पडतो."

त्या पोराच्या कानाखाली वाजवावी असं मला त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं. चांगलं वागण्याची एवढी सवय माणसाला नसावी. पुढचे दोन महिने त्याने तिला सगळं शिकवलं. समितीसमोर हात कुठे ठेवायचे, नजर कुठे, खोलीतून निघताना मागे वळून का बघायचं नाही. मार्कांनी ती त्याच्यापेक्षा तशी मागेच होती.

मुलाखती नोव्हेंबरात, गावच्या वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर. रॉसची पाळी होती, म्हणून दोघांना मी घेऊन गेलो. आधी वेंडल आत गेला, मग ट्रिना. वेंडल बाहेर आला तेव्हा त्याचा चेहरा उजळला होता.

"अंकल हॉलिस, या वेळी जमलं," तो माझ्या कानात म्हणाला. "खरंच जमलं."

मुलाखतीनंतर ॲपल पाय, म्हणजे सफरचंद भरून भाजलेला गोड पदार्थ, खायला समोरच्या खानावळीत जायचं, हा आमचा दर वर्षीचा रिवाज. पोरांनी ॲपल पाय मागवला, मी नुसती कॉफी.

"बोल आता," मी म्हणालो. "काय दिवे लावलेस?"

"त्यांनी विचारलं, जागा एकच आहे आणि यादीत तुम्ही दोघं भावंडं. पहिलं नाव कुणाचं द्यावं? तू का ती?" वेंडल काटा हातात धरून तसाच थांबला. "मी म्हटलं, तिचं द्या. म्हटलं, अधिकाऱ्याने आपल्या माणसाला आधी पुढे करावं. एक बाई तर डोळे पुसायला लागल्या. अंकल, असं उत्तर तिथे कुणीच दिलं नसेल."

"तुला खरंच तिचं नाव द्यायचंय?"

"नाही हो! पण असं म्हणणाऱ्यालाच देतात ना ते. चारित्र्य बघतात."

या पोराने इतकी वर्षं समितीला काय आवडतं याचाच अभ्यास केला होता. तिथे काही मागायलाही जातात, हे तो विसरून गेला होता.

ट्रिना खाली मान घालून पायचे तुकडे करत होती. खात नव्हती.

"तुला पण विचारलं का गं?" वेंडल म्हणाला.

"हो."

"मग?"

"मी म्हटलं, माझं द्या." तिने मान वर केली. "तूच म्हणाला होतास ना, समितीसमोर खोटं बोलायचं नाही?"

वेंडल हसला. मोठ्याने हसला. "बरोबर केलंस," म्हणाला आणि तिच्या ताटलीतला एक तुकडा उचलून खाल्ला. पण नंतर त्याच्या स्वतःच्या ताटलीतला ॲपल पाय तसाच राहिला. वाढणाऱ्या बाईने विचारलं, बांधून देऊ का, तर त्याला ऐकूच गेलं नाही.

निवड झाली की खासदार स्वतः घरी फोन करतो. निवडणुकीत ते फोन कामाला येतात. जानेवारीत एका संध्याकाळी फोन वाजला तेव्हा वेंडल त्याच्या शेजारीच बसला होता. महिनाभर तिथेच बसत होता.

"हो सर, वेंडलच बोलतोय," तो उभा राहून म्हणाला. रॉसने टीव्हीचा आवाज बंद केला. "हो सर... थँक यू, सर... नाही सर, मनापासूनच म्हटलं होतं... हो, इथेच आहे. देतो."

त्याने रिसीव्हर ट्रिनापुढे धरला. तिने तो दोन्ही हातांनी घेतला. क्षणभरातच ती किंचाळली, लोर्ना रडत तिच्या गळ्यात पडली आणि रॉसने तिला उचलून गरगर फिरवलं.

"तुला काय म्हणाले?" मी वेंडलला हळूच विचारलं.

"समिती माझ्या उत्तराने भारावून गेली म्हणे. माझ्यासारख्या भावाचा शब्द मोडवेना त्यांना." तो भिंतीवरच्या फोनकडे बघत होता. "त्याआधी यादीत पहिलं माझं होतं."

रॉसने हे ऐकलं. पोरीला खाली ठेवलं आणि खरोखर नवल वाटून विचारलं, "गाढवा, म्हणजे तुला देत होते आणि तू नको म्हणालास?"

पुढचे महिने ट्रिनाचे होते. बँकेच्या काचेत तिचा फोटो लागला. चर्चमध्ये तिच्यासाठी केक कापला आणि पाद्रीबाबांनी भावाच्या त्यागावर एवढं लांबलचक भाषण दिलं की केकवरचं क्रीम ओघळलं. लोक येऊन वेंडलचा हात हातात घेत होते. आजवर हसणारा न्हावी म्हणाला, "मानलं तुला!" वेंडल प्रत्येकाला थँक यू म्हणाला. हसण्यावर निदान उलट हसता तरी येतं, या कौतुकापुढे बिचाऱ्याला काहीच करता येत नव्हतं. मे महिन्यात त्याला रसायनशास्त्राची पदवी मिळाली. समारंभाला मी गेलो आणि लोर्ना आली. रॉस त्याच दिवशी ट्रिनाला अकादमीच्या वैद्यकीय तपासणीला घेऊन गेला होता.

ट्रिनाने नवे बूट एप्रिलमध्येच आणले होते. वेंडल रोज सांगायचा, घालून चाल. ती म्हणायची, "बघू नंतर." आता तिला कशाची घाई? निघायच्या आठवड्यात तिने ते घालून गावाला एक चक्कर मारली आणि रक्ताळलेले मोजे घेऊन परत आली. दोन्ही टाचांची सालं निघाली होती.

लोर्ना स्वयंपाकघरात खाली बसून पट्ट्या लावत होती. तिला एकदम आठवलं.

"वेंडल, तुझे आण रे. दोन मोजे घातले की बसतील तिला, तुझा पाय कुठे मोठा आहे."

ट्रिनाचा चेहरा खुलला. "हो! ते तर लोण्यासारखे झालेत!"

वेंडल दारात उभा होता. हलला नाही.

"आण ना," लोर्ना म्हणाली. "आता कोण घालणार आहे ते?"

"मी," वेंडल म्हणाला.

कुणालाच काही कळलं नाही. रॉसने पेपर खाली केला.

"तू? कुठे जायचंय तुला ते घालून?" लोर्नाने विचारलं.

"कुठेच नाही. पण ते माझे आहेत. मी देणार नाही."

"अरे, बहीण आहे तुझी! पायातून रक्त येतंय तिच्या! सगळं गाव तुझं नाव काढतं आणि घरात असा वागतोस?"

"वेंडल, प्लीज," ट्रिना म्हणाली. आता ती खरंच रडत होती.

तो वर गेला आणि खोक्यातले बूट काढून पायांत घालून खाली आला. त्या आठवड्यात त्याने ते झोपतानाच तेवढे काढले. लोर्ना त्याच्याशी बोलायची बंद झाली. रॉस मला म्हणाला, "इतका कोत्या मनाचा असेल असं वाटलं नव्हतं." मी म्हटलं, "मलाही नव्हतं वाटलं," आणि ते बोलताना मला इतका आनंद झाला की तोंड लपवायला बाहेर जावं लागलं.

अकादमीत पोचवायला आम्ही सगळे गेलो. गाडी वेंडलने चालवली, तेच बूट घालून. मोठ्या हॉलमध्ये शेकडो पोरं आणि त्यांचे आईबाप. एक तरुण अधिकारी म्हणाला, निरोप घ्यायला एक मिनिट आहे. लोर्ना पोरीला सोडेना. रॉस पहिल्यांदाच रडताना दिसला. ट्रिना शेवटी वेंडलसमोर आली, त्याच्या पायांकडे बघितलं आणि त्याला मिठी मारली.

मग ती रांगेत गेली. नव्या बुटांत पाय टेकवत नव्हते, लंगडत होती. दारापर्यंत गेली आणि आत दिसेनाशी झाली, पण मागे वळली नाही.

गाडीपाशी आल्यावर लोर्ना आणि रॉस मागे बसले. मी वेंडलशेजारी.

"बरं वाटलं का रे?" मी हळूच विचारलं.

"नाही," तो म्हणाला.

मग त्याने दार पुन्हा उघडलं, पाय बाहेर काढून बुटांच्या नाड्या सोडल्या आणि एकेक भोक ओढत घट्ट बांधल्या, लांब चालायला निघाल्यासारख्या. आम्हाला फक्त घरी जायचं होतं, आणि तेही गाडीने.