शेवटची गाभण डुकरीण

मित्रांनो, मी एक म्हातारी डुकरीण आहे. युटलंड नावाच्या थंड मुलखातल्या एस्किल आणि मारेन या शेतकरी जोडप्याने मला वाढवले. आता मी खाटकाच्या गाडीत उभी आहे, म्हणून भरभर सांगते.

मी जन्मले तेव्हा डुकरांना चांगला भाव होता. गावोगावी नवे गोठे उठले. आमची पिढी मोठी झाली आणि सगळ्यांची डुकरे एकदम बाजारात आली. भाव कोसळला. एस्किलने एकेक करून सगळ्या माद्या विकल्या. उरले मी, पहिल्यांदाच गाभण. तो मला दोरी लावायला आला, तर मारेन दारात आडवी उभी.

"हिला नेऊ नकोस. सगळेच माद्या विकतायत. उद्या पिल्लं काय आभाळातून पडणार?"

"आणि तोवर हिला खायला काय घालू?"

"आपण खातो तेच. बटाटे."

तो हिवाळा तिघांनी बटाट्यांवर काढला. भुकेने मी लाकडी फळ्या कुरतडल्या. मारेनच्या गालांची हाडे वर आली. शेजारचा व्हिलाड्स कुंपणावरून हसायचा, "काय गं, डुकरिणीला पंगतीला बसवतेस म्हणे?"

दोन वर्षांत डुकरे दिसेनाशी झाली. मग तोच व्हिलाड्स टोपी हातात घेऊन आला. "मारेन, दोन पिल्लं दे की." तिने दिली, टोमणा न मारता. एस्किल येईल त्याला माझी पाठ थोपटून दाखवायचा. ते दिवस फार सुखाचे होते.

पण भाव चढताच त्याने माझ्या नंतरच्या अकरा मुली विकायच्या सोडून ठेवून घेतल्या आणि गोठा दुप्पट केला.

"तेव्हा सगळे विकत होते, आता सगळे ठेवतायत," मारेन म्हणाली. "तूही त्यांच्यातलाच का रे?"

"या वेळची गोष्ट वेगळी आहे."

वेगळी नव्हती. भाव पुन्हा कोसळला. आज सकाळी माझ्या मुली माझ्यामागून गाडीत चढल्या. घाबरून एकमेकींच्या अंगावर पडत होत्या, ओरडत होत्या. मारेन पायरीवर बसून होती. या वेळी ती आडवी आली नाही. एस्किल गाडीची मागची फळी लावायला आला आणि त्याचा हात थांबला.

"ती धाकटी गाभण आहे ना?" त्याने विचारले.

"आहे."

"उतरवतो तिला."

"आणि म्हातारी?"

त्याने दोरी धाकटीच्याच गळ्यात अडकवली. मला आता पिल्ले होत नाहीत, हे दोघांनाही ठाऊक होते. धाकटीला वाट मिळावी म्हणून मी बाजूला सरकले.

मित्रांनो, भाव चढला म्हणून आम्हाला भरमसाट वाढवू नका आणि पडला म्हणून सरसकट कापू नका. धाकटीला बटाटे द्या. पहिल्या वेळी फार भूक लागते.