मी ‘खराब’ म्हणाले ती फाईल

मित्रांनो, मी एक जुनी लायब्ररी आहे. पुस्तकांची कपाटं, ‘शांतता राखा’ची पाटी, यातलं माझ्याकडे काही नाही. मी संगणकातली लायब्ररी, म्हणजे एकच काम करण्याच्या सूचनांचा संच. दुसरे प्रोग्रॅम मला पोटात घेतात आणि ते काम माझ्याकडून करून घेतात. मोठी फाईल दाबून लहान करायची आणि मागितली की होती तशी परत द्यायची. एक टिंब कमी नाही, एक जास्त नाही. स्वतःची गोष्ट सांगताना जन्माच्या वेळी आनंद झाला असं लिहायची पद्धत आहे. मला झाला नाही. मला काहीच होत नाही, तेवढं सांभाळून घ्या.

मला बाईंनी घडवलं. बाई हवामान कचेरीत वाऱ्याच्या आणि तापमानाच्या नोंदी ठेवायच्या. कचेरीतला संगणक भरत आला तेव्हा साहेब म्हणाले, “जुन्या नोंदी काढून टाका. गेल्या वर्षीचा वारा आता कुणाला हवाय?” बाई “हो साहेब” म्हणाल्या आणि एकही नोंद काढली नाही. संगणकाचं शिक्षण त्यांनी कुठं घेतलं नव्हतं. जुनी पुस्तकं चाळून आणि चुका करून करून त्या शिकल्या होत्या. घरी जेवणाच्या टेबलावर एका बाजूला त्यांच्या आई मटार सोलायच्या आणि दुसऱ्या बाजूला बाई मला लिहायच्या.

युक्ती आईंच्या हाकांवरूनच सुचली. घरात ज्याला दिवसातून पन्नासदा हाक मारावी लागते, त्याचं नाव आपोआप आखूड होतं. वर्षातून एकदा येणाऱ्या पाहुण्याला मात्र आपण पूर्ण नावानं बोलावतो. मीही तेच करते. फाईलमध्ये जे पुन्हा पुन्हा येतं त्याला आखूड टोपणनाव, क्वचित येतं त्याला लांब. कुणाला काय म्हणायचं ते माझ्या पोटात पक्कं ठरलेलं असतं. उघडताना त्याच टोपणनावांनी हाका मारायच्या की सगळे आपापल्या जागी येऊन उभे. आई मला ‘तुझं ते गाठोडं’ म्हणायच्या. नाव वाईट नव्हतं.

कचेरीतलं काम भागल्यावर बाईंनी मला इंटरनेटवर सगळ्यांसमोर उघडं ठेवलं. कुणीही वाचावं, फुकट वापरावं, दुरुस्ती सुचवावी. दुरुस्ती बाईंनी वाचून ‘ठीक’ म्हटलं की ती माझ्यात शिरे. नियम एकच होता. आज बांधलेलं गाठोडं, म्हणजे मी दाबलेली फाईल, पुढं कधीही उघडलं पाहिजे. त्यासाठी अगदी सुरुवातीची काही गाठोडी नमुना म्हणून राखून ठेवली होती. प्रत्येक दुरुस्तीनंतर मी ती उघडून दाखवायची. उघडली की पडद्यावर हिरवा दिवा.

मग माझे कामाचे दिवस आले. फोनमध्ये गेले, जहाजांवर गेले, मुलांच्या खेळांत गेले, दवाखान्यांत गेले. कुणीतरी कुठल्याशा परिषदेत माझं कौतुक केलं. बाईंना ते आठ-दहा दिवसांनी कळलं. आईंनी शेजारणीला सांगितलं, “आमच्या हिचं गाठोडं जगभर फिरतंय. ही मात्र बाजारापलीकडं गेली नाही.”

वापरणारे वाढले तसे निरोपही वाढले. हे चालत नाही, ते हळू आहे, अजून का झालं नाही. कचेरीतून आल्यावर बाई उत्तरं देत बसायच्या. पुढं पुढं उत्तरं आखूड झाली. मग नुसतं ‘बरं’ उरलं, नंतर तेही गेलं. त्या रागावल्या नाहीत की रडल्या नाहीत. भाजीत मीठ नाही हे आई सांगेपर्यंत त्यांना कळत नसे, एवढंच. माझ्याजवळ बसायच्या, पण कुलूप लागलेल्या दुकानाच्या पायरीवर बसावं तशा.

शेवटी आईंनी चष्मा लावला आणि निरोप वाचायचं काम स्वतःकडे घेतलं. दुपारी बाई कचेरीतून जेवायला घरी आल्या की त्या मोठ्यानं वाचायच्या.

“‘इतके दिवस झाले, लाज वाटते का?’ कोण गं हा? जावई असल्यासारखा रुसलाय.”

“असेल कुणीतरी.”

“तुझ्या लग्नातसुद्धा कुणी एवढं रुसलं नव्हतं.”

बाईंना हसू आलं नाही. पूर्वी आलं असतं.

त्याच सुमारास दुरुस्त्या सुचवणाऱ्यांत ‘तुफान’ आला. हे त्यानं स्वतःच घेतलेलं नाव. माणूस मेहनती आणि मनानं चांगला होता. मला वेगवान करायचं त्यानं मनावर घेतलं आणि माझी टोपणनावं नव्यानं ठरवली. मी खरोखरच भराभर धावू लागले. पण जुने नमुने काही उघडेनात. त्याला वाटलं, नमुने शिळे झाले असतील. म्हणून त्यानं माझ्या नव्या रूपाकडून नवे नमुने बांधून घेतले आणि जुन्यांच्या जागी ठेवले. मीच बांधलेलं मीच उघडलं. सगळे दिवे हिरवे. बाईंनी दिवे पाहिले, आतलं वाचलं नाही, ‘ठीक’ म्हटलं आणि भांडी घासायला उठल्या.

मित्रांनो, त्यानंतर कुणी जुनं गाठोडं पुढं केलं की मी नव्या टोपणनावांनी हाका मारायची. कुणी ओ देत नसे. अशा वेळी मी फक्त एकच वाक्य बोलू शकते. ‘फाईल खराब आहे.’ आपणच विसरलो आहोत असं म्हणण्याची सोय माझ्यात कुणी केलेली नाही.

एका दुपारी आईंनी निरोप वाचायला घेतला आणि मध्येच थांबल्या. मग पहिल्यापासून वाचला. हृदयाच्या दवाखान्यात ठोक्यांचे आलेख काढणाऱ्या एका ताईंचा होता. त्यांच्याकडच्या एका मुलीच्या आलेखात वाकडी रेघ दिसत होती. ती नवी असेल तर या आठवड्यात ऑपरेशन. जन्मापासूनची असेल तर छाती उघडायची गरज नाही. मुलीचा लहानपणचा आलेख त्यांच्याकडे होता, पण प्रोग्रॅम नवा घातल्यापासून तो उघडेना. शेवटी लिहिलं होतं, ‘फाईल आमच्याच हातून खराब झाली असणार. तुम्हाला उगाच त्रास देतेय, माफ करा. काही उपाय असेल तर सांगाल का?’

“ही भांडत नाहीये गं,” आई म्हणाल्या. “ही माफी मागतेय.”

बाईंचा घास हातातच राहिला. “माफी? कसली?”

“फाईल खराब केल्याची.”

“आई, फाईल आपोआप अशी खराब होत नाही.”

बाई उठल्या, हात न धुताच. माझी मागची सगळी रूपं राखलेली असतात, त्यांतून त्यांनी सुरुवातीचे नमुने बाहेर काढले आणि माझ्यापुढं ठेवले. मी म्हणाले, खराब. दुसरा ठेवला. खराब. आपल्याच हातची गाठोडी खराब नाहीत हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. मग त्यांनी तुफानची दुरुस्ती पहिल्या ओळीपासून वाचायला घेतली. आधीच वाचायला हवी होती ती.

तुफानला फोन लागला.

“पण बाई, सगळे दिवे हिरवे होते!”

“असणारच. पेपर तूच काढलास, तूच सोडवलास आणि तपासलासही तूच.”

तो हळूच म्हणाला, “तुम्ही वाचलं नव्हतं?”

“नाही,” बाई म्हणाल्या. “मी नुसतं ठीक म्हटलं. चल, आता दोघं मिळून निस्तरू.”

बाईंनी माझं जुनं रूप ताईंना पाठवलं आणि लिहिलं, ‘फाईल चांगली आहे. तुम्ही काहीही बिघडवलेलं नाही. चूक आमची आहे. हे घालून बघा.’ मग दोघांनी मला दोन्ही टोपणनावं शिकवली. आधी गाठोडं जुनं की नवं ते ओळखायचं, मग हाका मारायच्या.

संध्याकाळी उत्तर आलं. ‘उघडलं. रेघ तेव्हाही होती. ऑपरेशन नाही.’ आईंनी ते दोनदा मोठ्यानं वाचलं. बाई नुसत्या “बरं” म्हणाल्या आणि जेवणाचं ताट तसंच राहिलं होतं ते उचललं. माझं म्हणाल तर मला काहीच झालं नाही. एक फाईल मागितली होती, ती दिली.

पुढच्या आठवड्यात बाईंनी माझ्या पहिल्या पानावर लिहिलं, ‘इथे एकच माणूस आहे आणि ते थकलंय. नवं लिहिणारे पुष्कळ आहेत. वाचणारे हवेत.’ काही दिवस कुणी आलं नाही. मग त्या ताईंनीच लिहिलं, ‘मला प्रोग्रॅम लिहिता येत नाही. पण तुमचं नवं रूप बाहेर पडण्याआधी मी ते आमच्या जुन्या आलेखांवर चालवून बघू शकते. चालेल का?’

मित्रांनो, माझी विनंती छोटी आहे. यंत्र ‘खराब’ म्हणालं म्हणून वस्तू लगेच टाकू नका, एकदा माणसाला विचारा. आणि फुकट मिळालेल्या वस्तूमागं कुणीतरी बसलेलं असतं. त्याला निरोप धाडाल तर थोडं काम वाटूनही घ्या. आता मी दर वेळी बदलले की आधी त्या दवाखान्यात जाते. ताई एक जुना आलेख उघडतात आणि एका शब्दाचा निरोप पाठवतात, ‘उघडलं.’ तो आई वाचत नाहीत. बाई स्वतः वाचतात.