दादासाहेब आणि पायजमा

दादासाहेब पंख फडफडवत थेट खांद्याकडे झेपावले, तसा राजस कांदेपोह्यांच्या बशीसकट वॉशरूममध्ये शिरला आणि त्यानं आतून कडी लावली.

दादासाहेब म्हणजे जनार्दनकाकांचा पोपट. कॅनडातल्या मिल्टनच्या त्या घरात काकांच्या मुलीसाठी, अक्षतासाठी येणारं स्थळ आधी त्यांच्या पसंतीला उतरावं लागे. मागच्या दोन्ही मुलांचे कान त्यांनी चावले आणि काकांनी त्याच संध्याकाळी नकार कळवला. राजसचं आणि अक्षताचं कॉलेजपासूनचं सगळं आता त्या चोचीवर आलं होतं.

"पक्ष्याला घाबरतो!" बाहेरून काका म्हणाले. "संसार काय करणार हा?"

"बाबा, स्टॉप इट!" अक्षता ओरडली.

"काका, मी टर्की पक्ष्यांच्या फार्मवर असतो," राजस दाराआडून म्हणाला. "शेजारच्या फार्मवर बर्ड फ्लू निघालाय. कामावर मास्क, ग्लोव्हज, गॉगल, सगळं घालतो. पण आज शिफ्ट लांबली. उशीर तुम्हाला खपत नाही म्हणून कपडे न बदलताच आलो."

"म्हणजे आमच्या पोपटापासून तुला धोका?"

"नाही हो. माझ्यापासून त्यांना."

बाहेर पंखांची फडफड झाली. मग पिंजऱ्याचं दार लागलं. पाहुण्यांदेखत दादासाहेबांना आत घालायची त्या घरात रीत नव्हती.

"अंघोळ कर," काका म्हणाले.

"आं?"

"साबण लावून. बूट-कपडे पिशवीत भर, गाठ मार. चित्रा, टॉवेल दे त्याला. आणि माझा पायजमा."

थोड्या वेळानं राजस ओल्या केसांनी सोफ्यावर येऊन बसला. पायजमा पोटरीपर्यंतच पोचत होता. "छंद काय तुम्हाला?" एवढं विचारून चित्राकाकू घाईघाईनं पोहे आणायला आत पळाल्या. आतून बराच वेळ हसू दाबल्यासारख्या खोकल्याचा आवाज येत राहिला.

काकांनी पगार विचारला नाही, कॅनडात कायम राहायच्या पीआरचंही विचारलं नाही. खुर्ची जवळ ओढून ते हळूच म्हणाले, "टर्की आजारी पडली की आधी कळतं का रे? यांनी काल दाणे कमी खाल्ले."

राजसनं लांबूनच पिंजऱ्याकडे निरखून पाहिलं. "डोळे स्वच्छ आहेत. तरी उद्या व्हेटला दाखवा. आणि पिंजरा साफ केलात की हात धुवा, काका."

काका उठले आणि लगेच हात धुऊन आले.

निघताना राजस म्हणाला, "पायजमा धुऊन शनिवारी आणून देतो."

"आण," काका म्हणाले. "इथंच ठेवू खुंटीला. दर वेळी लागेलच तुला."