मशीनच बिघडलंय!

मी बीपीचं मशीन बोलतोय. दंडाला पट्टा बांधा, बटण दाबा, मी आकडा सांगतो. गोड बोलायची सोय माझ्यात नाही.

माझे मालक म्हणजे वजनमापं तपासणारे निवृत्त निरीक्षक. आयुष्यभर दुकानदारांचे खोटे तराजू पकडले, आता स्वतःतली खोट शोधत बसायचे. तब्येत ठणठणीत, तरी दिवसातून आठदा मला बांधणार. आकडा चांगला आला की उलट चेहरा पडायचा! जिन्यात प्रत्येक मजल्यावर थांबून म्हणायचे, "आमचं काय, पिकलं पान."

मालकीणबाईंचे गुडघे गेलेले, साखर वाढलेली. पण कुणीही विचारलं की उत्तर एकच, "मजेत!"

त्या सकाळी मालकांना माझाच संशय आला. तराजू तपासायचा तर त्यात खात्रीचं वजन टाकून बघायचं, ही त्यांची जुनी रीत. घरात खात्रीचं कोण?

"इकडे ये गं. तुला कधी काही नसतं. तुझ्यावरच तपासतो."

पट्टा आवळला आणि मला धडकी भरली. वरचा दोनशे बारा! त्यांनी पुन्हा बटण दाबलं. दोनशे चौदा.

"डोकं जरा जड आहे," बाई म्हणाल्या, "बाकी मजेत."

"हात्तिच्या! मशीनच बिघडलंय!"

मला खोक्यात कोंबून त्यांनी औषधांचं दुकान गाठलं. वाटभर मी आत तडफडत होतो. अहो, मागे फिरा! पण बटण दाबल्याशिवाय मला तोंड उघडता येत नाही.

दुकानदारानं मला स्वतःच्या दंडाला बांधलं, मग नव्या मशीनशी ताडून पाहिलं. "काका, हे अगदी बरोबर दाखवतंय."

मालक पांढरेफटक पडले. "मग ती..."

मला काखोटीला मारून ते धावत सुटले. तीन मजले एका दमात चढले. बाई स्वयंपाकघरात ओट्याला टेकून खाली बसलेल्या, तोंड एका बाजूला ओढलेलं. "म... म..." शब्द पुरा होईना. मालकांनी त्याची वाट पाहिली नाही. थेट अँब्युलन्सला फोन लावला.

बाई वाचल्या. डावा हात अजून साथ देत नाही. मी त्यांच्या उशाशी असतो. मालकांना स्वतःचं बीपी बघायला आता सवड नाही.

परवा पट्टा बांधून घेताना बाई एकदम म्हणाल्या, "अहो, मला भीती वाटायची. खूप आधीपासून."

"मग बोलली का नाहीस?"

"घाबरायला तुम्ही होतात ना. दोघांनी घाबरून कसं चालेल?"

मालक बटण सोडून बाईंच्या जवळ सरकून बसले. मला हात असते तर तुमच्यापुढे जोडले असते. घरातल्या हसऱ्या माणसालाही एकदा जवळ बसून नीट विचारा हो.